निरोगी, निर्व्यसनी, वय चौतीस

४ मार्च, मंगळवार

आज माझ्या धाकट्या जावेने चारचौघांत माझ्या रक्ताला नावं ठेवली.

बोलण्यात काही सापडणार नाही. बोलणं अगदी गोड. "ताई, काहीच न घातलेल्या स्लाइडवर हजारात तेवीस आले. मी दोनदा मोजलेत." एवढंच बोलून खाली बघत बसली. साहेब माझ्याकडे बघतायत, गुणवत्ता विभागाची चष्मेवाली माझ्याकडे बघतेय, आणि ही आपली टेबलाकडे. आग लावून नामानिराळं राहायचं ते असं.

परवा नवरा म्हणाला की इतकी वर्षं झाली, तुझं काम काय ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्यासाठी लिहून ठेवते, तो वाचणार नाही ते सोडा. कारखानेवाले नवा रंग, नवं औषध, नवं कीटकनाशक बाजारात आणण्याआधी आमच्याकडे पाठवतात. त्याने माणसाच्या डीएनएची मोडतोड होते का, हे आम्ही सांगतो. ताजं रक्त घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या. एका बाटलीत गिऱ्हाइकाचा पदार्थ, एकीत काहीच नाही, एकीत ओळखीचं विष. मग स्लाइडवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. डीएनए तुटला असेल तर पेशीतल्या मोठ्या गोळ्याशेजारी एक बारका गोळा सुटा पडलेला दिसतो. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, आम्ही पिल्लू म्हणतो. हजार पेशींत पाच-सात पिल्लं कुणाच्याही रक्तात निघतात. विषाच्या बाटलीत पंचवीस-तीस निघायला हवीत, नाहीतर प्रयोगच चुकला. आणि ज्या बाटलीत काहीच घातलेलं नाही तिच्यात तेवीस निघाली, तर सगळं काम कचऱ्यात.

ते काहीच न घातलेलं रक्त माझं असतं. सहा वर्षं माझंच. प्रत्येक अहवालात एक ओळ असते: रक्तदाता स्त्री, निरोगी, निर्व्यसनी, वय अमुक. दरवर्षी फक्त वय बदलतं. सध्या चौतीस. माझ्यासारखं स्वच्छ रक्त या इमारतीत दुसरं नाही, असं मागचे साहेब पाहुण्यांना सांगायचे.

आणि ही सहा महिन्यांची उपटसुंभ मला तेवीस पिल्लं दाखवते. नोकरी मीच लावली हिला. दिराशी लग्न करून घरात आली, मग घरी बसून कंटाळते म्हणून ऑफिसात आणली. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

७ मार्च, शुक्रवार

पुन्हा मोजायला लावलं. स्लाइडांवर नाव नसतं, चष्मेवाली नुसते आकडे चिकटवते आणि कुठला आकडा कुणाचा ते फक्त तिच्यापाशी. मोजणाऱ्याच्या मनात काही येऊ नये म्हणून हा खटाटोप. धाकटीने सगळ्या पुन्हा मोजल्या. माझे बावीस निघाले.

"बघा, एक कमी झालं," म्हणाली.

हे विनोद म्हणून बोलली की टोमणा म्हणून, ते तिचं तिला माहीत. मी विचारलं, डोळे कधी तपासलेस? तर म्हणते, "नोकरीला लागताना तुम्हीच तपासून घेतलेत की." तोंडाळ आहे. घरात सासूबाईंपुढे मात्र गरीब गाय.

घरात हल्ली वेगळंच चाललंय. मी स्वयंपाकघरात शिरले की बोलणं बंद. काल सासूबाई तिला दुधाचा पेला देत होत्या, मला बघितलं आणि पेला माझ्याकडे केला. "तू घेतेस का?" मी काय लहान आहे दूध प्यायला? माझी चौदा वर्षं गेली या घरात. चौदा वर्षांत कुणी मला आयता पेला दिला नाही, आणि काल दिला तोही दुसरीचा.

११ मार्च, मंगळवार

नवीन रक्त घेतलं. साहेबांचं म्हणणं, या वेळी दोन दाते ठेवू. मी, आणि ऑफिसचा ड्रायव्हर. तो पंचवीस वर्षांचा, विडी-काडी नाही.

खरं तर मी धाकटीला म्हटलं होतं, तू दे. सत्तावीस वर्षांची आहेस, तुझं आधी बघू, मग माझं बघ. एकदम म्हणाली, "माझं नको, ताई." का नको? "असंच. सध्या नको." सुईला भिते म्हणावं तर दर महिन्याला रक्त तपासून येते कुठून तरी, हाताला चिकटपट्टी मी पाहिलीय. दुसऱ्याच्या रक्तावर शेरे मारायचे आणि स्वतःचा एक थेंब द्यायचा नाही.

१२ मार्च, बुधवार

आज विषाचं वजन केलं. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

आमच्या वजनाच्या खोलीत हूड आहे. म्हणजे पुढे सरकती काच आणि वर भुकटी ओढून गच्चीवर टाकणारा पंखा असलेलं कपाट, तराजू त्याच्या आत. दोन वर्षांपूर्वी नवं हूड आलं आणि कटकट झाली. पंखा इतका जोराचा की तराजूचा शेवटचा आकडा जागेवर बसतच नाही. सात, नऊ, चार, परत सात. बाकीच्यांनी हात टेकले. मी पहिल्याच आठवड्यात तोड काढली. वजनापुरता पंखा बंद करायचा, काच वर करायची, श्वास रोखून चमचा हलवायचा. आकडा असा गपकन बसतो की बघत राहावं. तपासणीला येणारे लोक दरवर्षी माझ्या वजनांची वाहवा करतात. शेवटी ओल्या फडक्याने टेबल पुसून घेते, टापटीप राहते.

आज मान वर करते तर धाकटी दारात. नाकाला रुमाल.

"ताई, पंखा बंद आहे."

"वजन चाललंय."

"हो, पण विषाचं ना? पंखा चालू नको?"

"तुला मोजायला ठेवलंय. मोज जा."

उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. लगेच मागे सरून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. एवढा सोवळेपणा माझ्या आजेसासूने केला नसेल. मला कळत नाही असं नाही, पाळत ठेवायला आली होती. साहेबांना जाऊन सांगेल आता, ताई नियम मोडतात म्हणून. सांगू दे. माझे आकडे बोलतील.

१८ मार्च, मंगळवार

निकाल आला. ड्रायव्हरचे सहा. माझे चोवीस.

साहेब म्हणाले की मोजणारी एक, सूक्ष्मदर्शक एक, रंग एक, मग याचे सहा आणि तुमचे चोवीस कसे? मीही तेच म्हणते, कसे? त्याचं उत्तर साधं आहे. सहा वर्षं माझ्या रक्ताच्या पेशी काचेवर कशा पसरतात ते या विभागात सगळ्यांना पाठ झालंय. धाकटीने ओळखली असणार. स्लाइडवर नाव नसलं म्हणून काय झालं, ज्याला ओळखायचंय तो ओळखतो.

हे मी बैठकीत बोलले. चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, पेशींवरून माणूस ओळखता येत नाही." तिला कोणी विचारलं होतं?

धाकटी लाल झाली. "मी मुद्दाम कशाला करीन, ताई? माझा काय फायदा?"

"खुर्ची," मी म्हटलं.

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, थोडे दिवस तुमचं रक्त थांबवू या. आणि एकदा डॉक्टरांना दाखवून या. काळजी म्हणून सांगतोय."

काळजी म्हणे. माणूस काढायचा असला की आधी त्याची काळजी करतात. मला कुठे काही होतंय? केस गळतात, ते या वयात सगळ्यांचे गळतात. थकवा येतो, कारण मी काम करते.

जिन्यात रडले. रागाने रडले, हे लिहून ठेवते.

१९ मार्च, बुधवार

आज कामं बदलली. विभागप्रमुख मी आहे, अजून तरी. यापुढे स्लाइड मी मोजणार आणि वजन धाकटी करणार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, मग अंगण बदलून बघू.

तिचं तोंड पाहण्यासारखं झालं. "ताई, वजन नको. दुसरं काहीही सांगा. बाटल्या धुते, रंग करते, जास्त वेळ थांबते."

"का, हात थरथरतात?"

"नाही."

"मग?"

काही तरी सांगणार होती, मग ओठ मिटले. "ठीक आहे," म्हणाली.

कामचुकार माणसाला कारणही धड सांगता येत नाही.

२० मार्च, गुरुवार

जेवताना नवरा म्हणाला, "तिला वजनाला लावू नकोस."

बातमी घरी पोचली तर. मी विचारलं, "का?"

"मी सांगतोय म्हणून."

"तू कधीपासून आमचा साहेब झालास?"

ताटातलं अन्न चिवडत बसला. मग म्हणाला, "आईशी बोल एकदा."

"आईंचा आणि विषाच्या वजनाचा काय संबंध?"

"तुझ्याशी काही बोलायचं म्हणजे ना," म्हणाला, "माणसाला आधी दहा वेळा विचार करावा लागतो, तुला काय लागेल, किती लागेल." आणि उठून गेला.

वा रे वा. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात माझं जे व्हायचं ते झालं, तेव्हा हा माणूस आठ दिवस तोंड उघडून एक शब्द बोलला नाही. नुसता खिडकीशी उभा. आणि आता भावजयीचा प्रश्न आला तर वाचा फुटली. आपलं कोण आणि परकं कोण, हे अशा वेळी कळतं. गेल्या वर्षाबद्दल मी या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. एवढंच लिहिते आणि पुरे.

२२ मार्च, शनिवार

धाकटीने वजन केलं. केलं म्हणजे काय, छळ केला.

पंखा सुरू, काच खाली ओढलेली, दोन हातमोजे एकावर एक, तोंडाला पट्टी. आकडा नाचतोय आणि ही मख्ख उभी. अर्धा तास गेला. पेशी बाटल्यांत वाट बघतायत. शेवटी मी आत गेले आणि पंखा बंद केला.

"आता कर. दोन मिनिटांचं काम आहे."

ती तराजूपासून एकदम मागे सरली. "चालू करा तो."

"कुणाशी बोलतेस?"

"चालू करा, ताई. आकडा नाही बसला तर नाही बसला."

"आकडा नाही बसला तर प्रयोग नाही बसत. मी दोन वर्षं असंच करतेय. मला काय झालं?"

यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. कीव करत होती माझी! मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही बाहेर जा. तुम्ही इथे असेपर्यंत मी विषाच्या डब्याचं झाकण उघडणार नाही."

मी गेले. माणसांसमोर हाणामारी नको म्हणून गेले. मागून पंखा पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. पण पाचच मिनिटांत बाहेर आली, द्रावण तयार, वजनाची चिठ्ठी जोडलेली. आकडा अगदी नेमका. मी म्हटलंच, येत होतं सगळं, नखरे होते.

२८ मार्च, शुक्रवार

चार दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेय. मान धरलीय, पण समाधान आहे. किती दिवसांनी मोजतेय! हात विसरलेला नाही.

साहेबांनी ठरवलंय की गिऱ्हाइकाच्या स्लाइड नंतर, आधी नुसत्या तपासणीच्या चार मोजा. माझं रक्त (थांबवलेलं, या तपासणीपुरतं पुन्हा घेतलंय), काहीच न घातलेलं. माझं रक्त, विष घातलेलं. ड्रायव्हरचं काहीच न घातलेलं, ड्रायव्हरचं विष घातलेलं. चष्मेवालीने आकडे चिकटवून दिल्या, कुठली कुठली ते मला माहीत नाही.

माहीत नसायला काय झालं? दोन स्लाइडवर पिल्लं पाच आणि सहा. दोन स्लाइडवर पंचवीस आणि चोवीस. त्या दोन विषाच्या, शेंबड्या पोरालाही सांगता येईल. पेशी बघूनच कळतं, बिचाऱ्यांची पार वाट लागलीय. एका पेशीत तर तीन पिल्लं होती. असं रक्त माणसाच्या अंगात असतं तर तो माणूस काय जगला असता, असं मनात आलं.

आणि त्या दोन स्वच्छ स्लाइड, पाच आणि सहा, त्यातली एक माझी. माझं रक्त जसं होतं तसं आहे. सगळं जिथल्या तिथे. धाकटीच्या हातातून काम काढलं आणि चार दिवसांत सरळ झालं.

सोमवारी साहेब नाहीत. मंगळवारी आकड्यांची नावं उघडायची. मी काय बोलणार ते ठरवून ठेवलंय. ओरडायचं नाही. नुसतं म्हणायचं की ज्याचं काम त्याने करावं.

१ एप्रिल, मंगळवार

चष्मेवालीने वाचून दाखवलं. पाच आणि सहा, दोन्ही ड्रायव्हर. पंचवीस आणि चोवीस, दोन्ही मी.

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मग तिने कागद माझ्यासमोर सरकवला.

विष घातलेलं आणि न घातलेलं यात काही फरकच नाही. ड्रायव्हरच्या रक्ताला विषाने काहीही केलं नाही, आणि माझ्या रक्ताला करायला काही उरलं नव्हतं. मोजणारी मी. माझेच डोळे, माझीच बोटं.

तेव्हा मी काय केलं ते खरं खरं लिहिते. मी धाकटीकडे वळले आणि ओरडले, "विष कुठे आहे? काय घातलंस बाटलीत?" कारण ते तर खरंच होतं ना. विषाने काहीच झालं नाही, म्हणजे ते विष नव्हतं. मला ते धरून ठेवायला मिळालं आणि मी दोन्ही हातांनी धरलं. हिने काम बिघडवलं, मला खाली दाखवायला विष बदललं, हिला आजच्या आज काढा, असं सगळं बोलले. साहेब "मॅडम, मॅडम" करत होते.

धाकटी पोटावर हात बांधून बसली होती. मग साहेबांनी विचारलं, "तुम्ही काय वजन केलंत?"

"मीठ," ती म्हणाली.

२ एप्रिल, बुधवार

काल घरी पोचले ते तशीच तापलेली. दारातूनच सुरू झाले. तुमच्या लाडक्या सुनेने काय दिवे लावले ऐका, म्हणून सासूबाईंना सगळं ऐकवलं. मिठाचं ऐकवलं. ती मागच्या खोलीत होती, तिला ऐकू जावं म्हणून आवाज चढवला.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. एरवी मी बोलले की त्या उत्तर देतात. काल त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन जिवांची आहे ती."

मला आधी कळलंच नाही.

"तिसरा महिना संपायचाय. तुला सांगू नका असं मीच बजावलं सगळ्यांना. शपथ घातली. गेल्या वर्षी तुझं तसं झालं, म्हटलं हिचे तीन महिने नीट जाऊ देत, मग सांगू. तुझ्या जिवाला लागू नये म्हणून गं."

माझ्या जिवाला लागू नये म्हणून घरातली चार माणसं दोन महिने माझ्याशी खोटं वागली. मी बोलले तसं. अजून खूप बोलले. सासूबाई रडायला लागल्या. तेवढ्यात धाकटी बाहेर आली.

मला वाटलं होतं ही पाया पडेल नाहीतर रडेल. ती दारात उभी राहून माझ्यावर ओरडली. सासूबाईंसमोर, पहिल्यांदा.

"मी तुमचं रक्त चार वेळा मोजलं! दर वेळी कमी येऊ दे, कमी येऊ दे म्हणत मोजलं. दर वेळी तुम्ही मला शिव्या दिल्यात. मी दारात येऊन पंखा सांगितला तर हाकललंत. तुमच्या अंगात ती भुकटी जातेय हे मला दिसत होतं, सगळ्या ऑफिसला दिसत होतं, आणि तुम्हाला दिसत होती माझी नजर खुर्चीवर! मग त्याच खोलीत मला पाठवलंत. पंखासुद्धा स्वतः बंद केलात. मी मीठ घालणार नाही तर काय करणार? तेही हूडबाहेरच्या तराजूवर तोललं. तो डबा मी उघडला नाही. उघडणार नव्हतेच. नोकरी गेली तर जाऊ दे."

मी म्हटलं, मीठ घालणं आमच्या कामात गुन्हा आहे. हो, मी हेच म्हटलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

४ एप्रिल, शुक्रवार

वजनाच्या खोलीत गेले. पंखा बंद, काच वर. उन्हाची तिरीप तराजूवर पडली होती. टेबलावर एक चमचा दुधाची पावडर ठेवली आणि चमच्यानेच थोडी हलवली. उन्हात ती वर येताना दिसली. माझ्या तोंडाशी. बराच वेळ ती खाली बसेना. मग पंखा लावला तर क्षणात गेली.

एवढंच होतं. मी लोकांना विष ओळखून देते, अकरा वर्षं, आणि एवढंच होतं. गेली दोन वर्षं दर वेळी मी श्वास रोखला होता, पण दोन मिनिटं कोण श्वास रोखून राहतं? वजन झालं की हुश्श करायचे.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. आणखी तपासण्या सांगितल्यात. रक्तातली ही मोडतोड म्हणजे लगेच रोग नव्हे, काम थांबवा, वर्षभराने पुन्हा बघू, कमी व्हायला हवी. मी विचारलं, गेल्या वर्षीचं त्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या की खात्रीने नाही सांगता येत, पहिल्या तीन महिन्यांत असं कशानेही होतं. मी म्हटलं, खात्रीने नाही म्हणजे असू शकतं? त्यांनी माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटला आणि घेतला नाही.

नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला सगळं सांगितलं. तो मोठ्याने रडला, लोकांसमोर. गेल्या वर्षीचंही सगळं तेव्हाच रडला असावा. मला त्याचा राग यायला हवा होता, एवढा उशीर केला म्हणून. थोडा आलाही.

७ एप्रिल, सोमवार

साहेबांना सांगितलं की पंखा दोन वर्षं मी बंद ठेवत होते, आणि तिला त्या खोलीत मी पाठवलं, ती नको म्हणत असताना पाठवलं. मिठाचा दोष माझ्या नावावर घ्या, मी प्रमुख होते. साहेब म्हणाले, तसं घेता येत नाही, पण दोन्ही गोष्टी एकत्र बघता येतील. तिला चौकशी होईपर्यंत सुट्टी. माझी खुर्ची गेली. दोन वर्षांत माझ्या रक्तावर केलेले सगळे अहवाल चष्मेवाली पुन्हा काढून तपासणार. तिने माझ्यासाठी चहा मागवला. मला तिचा चहा नको होता, पण प्याले.

तिच्यावर उपकार म्हणून मी हे केलं नाही. मिठाचं मला अजूनही पटलेलं नाही. तोंड उघडून एकदा सांगायचं होतं. माझ्या तोंडावर ओरडायचं होतं, तेव्हाच, उशीर झाल्यावर नाही. पण सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, तेही मला माहीत आहे. नाटकं, असं म्हटलं असतं.

१२ एप्रिल, शनिवार

आज दुपारी धाकटी माझ्या खोलीत आली. तीन महिने पूर्ण झाले, डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं. ते सांगायला आली, असं म्हणाली. मी बरं म्हटलं. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, ती न विचारता बसली आणि घड्या घालायला लागली. मीही घालत होते. दोन-तीन शर्ट झाले.

मग खालीच बघत म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"वजनाला पाठवलंत तेव्हा तुम्हाला खरंच माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं. कुणी सांगितलं होतं मला?"

"आणि माहीत असतं, तर नसतं ना पाठवलं?"

"नसतं पाठवलं," मी म्हटलं. लगेच म्हटलं.

तिचे खांदे खाली आले. इतके दिवस ती हेच अंगावर घेऊन फिरत असणार. "मला तेच वाटलं," म्हणाली. उरलेले कपडे तिनेच उचलले, "ताई, तुम्ही पडा थोडा वेळ," म्हणाली आणि गेली.

ही वही कुणी वाचत नाही, इथे कुणाला बरं वाटावं म्हणून लिहायची गरज नाही. म्हणून तेच उत्तर इथे लिहायला बसले. माहीत असतं तर, इथपर्यंत येते. मग एकोणीस मार्चची ती सकाळ आठवते, तिचं उतरलेलं तोंड आठवतं, ते बघून मला किती छान वाटलं होतं ते आठवतं. गेल्या वर्षी माझं रिकामं झालेलं आणि हिचं भरलेलं, हे त्या सकाळी मला कुणी सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं?

पेन किती वेळ नुसतंच धरून बसलेय. पुढचा शब्द येत नाही.